क्लॅप्टनचा 'मवाळ' काळ इतका टाकाऊ नाही

ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनच्या गाण्यांचा संग्रह 'क्लॅप्टन क्रॉनिकल्स' (1999) म्हणजे म्हाताऱ्या क्लॅप्टनची लिफ्टमध्ये वाजणारी गाणी, असं एक मत आहे; ते मला अजिबात पटत नाही. क्रीम या त्याच्या साठच्या दशकातल्या रॉक बँडच्या दिवसांतला कडकडाट यात शोधाल तर निराशाच पदरी पडेल, कारण हा संग्रह 1985 पासूनच्या गाण्यांचा आहे.

'लैला'च घ्या. 1970 च्या मूळ गाण्याचा जीव त्या सुरुवातीच्या रिफमध्ये, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत. 1992 च्या 'अनप्लग्ड' या अकूस्टिक अल्बममधल्या, या संग्रहात घेतलेल्या रूपात त्यानं तो रिफच काढून टाकला! लय संथ, आवाज खालच्या पट्टीत, हातात जुनी अकूस्टिक मार्टिन गिटार. तरुणपणीची विनवणी इथे कुजबुजीसारखी येते, आणि मधे चक लेव्हेलचा पियानो काय सुरेख वाजलाय! स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याला असा हात लावायला हिंमत लागते.

'रिव्हर ऑफ टिअर्स' तर बहुतेक जण न ऐकताच पुढे ढकलतात. सात मिनिटांहून लांब आहे, पण हेडफोन लावून एकदा शेवटपर्यंत ऐकाच. गिटार गाण्याच्या मधे मधे बोलते, उगाच मिरवत नाही. 'बॅड लव्ह' ऐकलं की धार कुठे गेलेली नाही हेही कळतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. 'फ्रॉम द क्रेडल' (1994) या अस्सल ब्लूज अल्बममधलं एकही गाणं यात नाही. त्याच काळातलं त्याचं सर्वांत कसदार वादन त्यात आहे. संग्रह आवडला तर पुढे तोच अल्बम घ्या.