आकाशवाणीच्या सोबतीने गेलेला दिवस : आपापले अनुभव लिहावेत

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. माळ्यावरची ट्रंक आवरताना वडिलांचे रेडिओचे परवानापुस्तक हाती लागले. रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला 15 रुपये भरून पोस्टाची तिकिटे चिकटवून घ्यावी लागत, हे घरातल्या मुलांना काही केल्या खरे वाटेना.

सांगली केंद्र 1963 साली सुरू झाले. गावभागातल्या आमच्या घरी शास्त्रीय संगीताचा शौक कुणालाच नव्हता, परंतु एकदा लावलेला रेडिओ भाकऱ्या होईपर्यंत बंद करायला कुणाचा हात रिकामा नसे. त्यामुळे सकाळची तोडी, त्यामागून येणारे आरोग्यावरचे भाषण आणि दुपारचा सारंग हे सारे आपसूक कानांवर पडत गेले. मला चार राग ओळखता येतात ते आईचे हात पिठाचे असत म्हणून. आपण सर्वांनी लिहावे, आणि गाण्यांइतकेच भाषणांविषयीही लिहावे, कारण त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही.

जवारी (मिरज)
ताई, आमच्याकडे रेडिओ तंबोऱ्यांच्या कारखान्यातच असे. एकीकडे भोपळ्यांवर काम चालू, दुसरीकडे गायन. गायक आलाप सुरू करण्यापूर्वी तंबोरे क्षणभर मोकळे ऐकू येत, तेवढ्यापुरते वडील कानस खाली ठेवत आणि जवारी, म्हणजे तारांच्या नादातली झणकार, उघडी आहे की बंद, याचा निकाल देऊन पुन्हा घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासायला घेत. गायक कितीही मोठा असला तरी त्यांचे लक्ष तंबोऱ्यावरच! खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले त्या गावात कानांचे एवढे लाड चालायचेच.

द्राक्षबाग (तासगाव)
भाषणांचा विषय काढलात म्हणून लिहितो. आमच्या दादांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. संध्याकाळच्या शेतीविषयक कार्यक्रमाला ते वही घेऊन बसत आणि बोलणारे साहेब पुढे गेले की मला दरडावून विचारत, "काय म्हणाला रे तो?" बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरची फवारणी, त्यांनी रेडिओवरूनच शिकून घेतले : एक टक्क्यासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, आणि तयार द्रावणात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालायची, नाहीतर पाने करपतात. त्या वहीत एका बाजूला फवारण्या आणि दुसऱ्या बाजूला उसनवारीचा हिशेब आहे. शेतीच्या कार्यक्रमाला लागून एखादी बंदिश आली तर दादा तीही पुरी ऐकत. उठायचा कंटाळा, दुसरे काय.

अजिंक्यतारा (सातारा)
मी निवृत्त शिक्षक आहे. शालेय प्रसारणाच्या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीतला रेडिओ दोन मुले जपून वर्गात आणत. विज्ञानावरचे भाषण सुरू झाले की फळ्यावर मी ठळक मुद्दे लिहीत असे, कारण नुसते ऐकून मुलांच्या वहीत काही उतरत नसे. खरे सांगायचे तर काही वक्ते फारच कंटाळवाणे असत. कागद वाचून दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे त्यांना कुणी सांगितले नसावे. चांगला वक्ता मात्र "आता खिडकीबाहेर पाहा" असे म्हणून थांबत असे आणि साठ माना एकदम वळत.

माणदेशी (दहिवडी)
शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आमच्या माळावर फार छान लागायचा, पण मध्येच दुसरे एखादे केंद्र त्यात घुसायचे. विलंबित ख्याल रंगात आला असता कानडीतल्या बातम्या! रात्रीच असे का होई, ते गुरुजींनी सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा)
अवश्य. मध्यम लहरी दिवसा आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातील) खालच्या थरात शोषल्या जातात, म्हणून जवळचेच केंद्र लागते. सूर्यास्तानंतर तो थर विरत जातो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब उतरतात. आपल्या ख्यालात शिरलेले निवेदक त्याच वाटेने येत असत.

सूनबाई (इस्लामपूर)
सगळ्यांचे वाचत पोळ्या करते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. सासूबाईंचे घड्याळ म्हणजे सकाळच्या संस्कृत बातम्या. "इयम् आकाशवाणी" ऐकू आले आणि आंघोळ उरकलेली नसली की माझी धडगत नसे. संस्कृत आम्हा दोघींनाही कळत नव्हते.

पायपेटी (वाई)
पेटीविषयी कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) आणि श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म भेद) तिच्यातून निघत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे, शिक्षा मात्र जास्त झाली. आमचे काका पेटी वाजवत. रेडिओवर सारंगीची साथ सुरू झाली की ते मुद्दाम आपली पेटी काढून त्याच स्वरात सोबत धरत आणि काकू दोघांचाही आवाज कमी करायला सांगत.

जवारी (मिरज)
काका, ती पेटी अजून आहे का? भाता फाटला असेल तर मिरजेला घेऊन या, बदलून देऊ.

पायपेटी (वाई)
भाता शाबूत आहे. दोन स्वर मुके झाले आहेत आणि एक दाबले नाही तरी बोलतो. दिवाळीनंतर घेऊन येतो.