भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग: मीटर बीप देतोय, मग लावू का प्लग?

नमस्कार मंडळी,

कोणीतरी टाकून दिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ट्रान्सफॉर्मर काढलाय, चांगला जड आहे, त्याचा पॉवर सप्लाय करायचा विचार आहे. लेबल पुसलं गेलंय. सात वायरी बाहेर आल्यात. मीटरवर दोन वायरींत 9 ओहम दाखवतंय, तिघी एकमेकींत बीप देतात, उरलेल्या दोघींतही बीप. कोअरशी (मधल्या लोखंडी गाभ्याशी) कोणाचाच बीप नाही. म्हणजे वाइंडिंग (आत गुंडाळलेली तार) ओके धरून सरळ प्लग लावू का?

---

> सरळ प्लग लावू का?

अहो ताई थांबा! बीप एवढंच सांगतो की तार कुठे तुटलेली नाही. भंगारातल्या मालाचा खरा रोग वेगळाच, आतलं वार्निश जळून शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि हा शॉर्ट टर्न मीटरला दिसतच नाही. समजा तुमच्या 9 ओहमात 500 वेढे आहेत, त्यातला एक शॉर्ट झाला तर रीडिंग 0.02 ओहमने बदलणार, तेवढं तर मीटरच्या प्रोबा हलवल्या तरी बदलतं. पण एसी दिला की तोच एक वेढा शॉर्ट केलेली सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) होऊन बसतो आणि ट्रान्सफॉर्मर गरम, मग धूर.

आधी वास घ्या, खरंच. जळकट वास असेल किंवा कागद काळा पडला असेल तर पुढे जाऊच नका.

मग सिरीज बल्ब. 9 ओहमवाली जोडी बहुतेक प्रायमरी, म्हणजे प्लगकडची वाइंडिंग (बारीक तार, जास्त वेढे), तिच्या एका वायरीत 60 वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, सेकंडरीच्या पाचही वायरींना वेगवेगळी टेप मारा, एकमेकींना लागायला नकोत. प्लग लावल्यावर बल्ब क्षणभर पेटून विझला किंवा अगदी मंद लाल राहिला तर छान. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, नाहीतर तुम्ही सेकंडरीलाच मेन्स (घरातली वीज) दिलाय. प्लग काढल्याशिवाय कशालाही हात नाही, आणि काम करताना एकटे बसू नका.

---

काका, एलईडी बल्ब चालेल का? फिलामेंटवाले आता सापडत नाहीत.

---

एलईडी अजिबात नको, त्यातलं सर्किट करंट नीट दाखवत नाही. ओव्हनच्या आतला छोटा बल्ब फिलामेंटचाच असतो, किंवा मेन्सवर चालणारा हॅलोजन घ्या.

मेन्सची भीती वाटत असेल तर अजून एक टेस्ट आहे, मला तर हीच जास्त आवडते. प्रायमरीच्या दोन टोकांना रेझिस्टरसकट छोटा निऑन बल्ब लावा, 9 व्होल्टची बॅटरी त्याच टोकांना क्षणभर टेकवा आणि काढा. काढताना उठणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने (किक) निऑन चमकला तर बरं लक्षण, कारण पेटायला त्याला 60-70 व्होल्ट तरी लागतात, म्हणजे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज कोअरने परत दिलं. कुठल्याही वाइंडिंगमध्ये एक जरी वेढा शॉर्ट असेल तर ती सगळी किक तिथेच जिरते. टोकं बोटात धरू नका, झटका बसतो.

---

मध्येच बोलतो, पण हे वाचून कोणी मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढायला जाऊ नये! त्याची सेकंडरी 2000 व्होल्टच्या आसपास असते आणि तिचं एक टोक कोअरलाच जोडलेलं असतं, हात लागला तर जीव जातो. शिवाय तो नो-लोडलाच (सेकंडरीला काही जोडलेलं नसतानाच) भरपूर करंट खातो, त्यामुळे चांगला असूनही बल्ब पेटतो, म्हणजे टेस्टही फसवी.

अजून एक, ट्रान्सफॉर्मर फक्त 60 हर्ट्झसाठी बनवलेला असेल आणि तुमच्याकडे 50 असेल तर तेवढ्याच व्होल्टेजला कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) 20 टक्के वाढतो, बल्ब थोडा जास्त पेटलेला दिसेल, लगेच शॉर्ट समजू नका.

---

अगदी बरोबर. आणि ताई, कोअरशी बीप नाही म्हणून इन्सुलेशन चांगलं असं नाही, मीटर दोन-तीन व्होल्टवर बघतो, मेन्सला फुटणारं इन्सुलेशन त्याला कसं कळणार. कोणाकडे 500 व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) असेल तर प्रायमरी-कोअर आणि प्रायमरी-सेकंडरी दोन्ही बघून घ्या, नसेल तर निदान कोअर अर्थ करा आणि प्रायमरीत फ्यूज टाका. बल्ब विझलेला राहिला की सेकंडरीचे व्होल्टेज मोजा, तीन वायरींतली मधली कुठली ते दोन्ही बाजू सारख्या आल्या की कळेल. मग बल्ब काढून तासभर नो-लोड चालवा, लक्ष ठेवून. कोमट झाला तर चालेल, प्लग काढून हात लावल्यावर चटका बसला तर मात्र परत भंगारात.