‘गार्डियन्स’चा दुसरा भाग: विनोदाने दुःख पेलले की पातळ केले?

दीर्घसूत्री
‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या मार्व्हलच्या अवकाशपटाचा दुसरा भाग म्हणजे खेळणी खपवण्यासाठी केलेली सव्वादोन तासांची जाहिरात आहे आणि पहिल्या भागात कथेतून उगवणारा विनोद येथे दर पाच मिनिटांनी कथा थांबवून गळी उतरवला आहे, असे ‘तिखटमीठ’ यांनी काल याच चर्चेत ठणकावून लिहिले. मत जरूर असावे, पण चित्रपट पाहताना डोळेही उघडे असावेत. पहिल्याच प्रसंगात मागे अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंज चालू असते आणि कॅमेरा मात्र नाचणाऱ्या, झाडाच्या रोपासारख्या चिमुकल्या ग्रूटला सोडत नाही. झुंज कोण जिंकते यापेक्षा त्या धुमश्चक्रीत पोराकडे कोणाचे लक्ष आहे, हे दिग्दर्शक जेम्स गन यांना महत्त्वाचे वाटते. त्याच्याच चमूतली गॅमोरा त्याला हात करते, बोलणारा रॅकून रॉकेट त्याच्या तोंडातला किडा थुंकायला लावतो. हाच रॉकेट पुढे विनाकारण बॅटऱ्या चोरून सगळ्यांच्या जिवावर उठतो, तेव्हा आपल्याला आपले मानणाऱ्यांनाच तो का दूर लोटतो, हे अंतराळी लुटारू योंडू त्याला तोंडावर सुनावतो. याचा अर्थ, त्याची थट्टामस्करी हा बचाव आहे, हे चित्रपट स्वतःच सांगतो. आणि चमूचा नायक, योंडूने लहानपणी पळवून वाढवलेला क्विल, त्याच्या आईच्या मेंदूत गाठ आपणच ठेवली, हे त्याचा बाप इगो, जो स्वतःच एक सजीव ग्रह आहे, सहज बोलून जातो, त्या क्षणी क्विल विनोद करत नाही, थेट बंदूक चालवतो.

तिखटमीठ
डोळ्यांची चौकशी केल्याबद्दल आभारी आहे. त्याच डोळ्यांनी मी योंडूशी एकनिष्ठ असलेल्या माणसांना एकेक करून अंतराळात फेकले जाताना पाहिले. त्या मृत्यूंचे ओझे प्रेक्षकाच्या मनावर पुरते उतरण्याआधीच ग्रूट योंडूच्या डोक्यावरचा, त्याचा बाण चालवणारा तुरा आणायला जातो आणि तुऱ्याऐवजी चड्डी, कापलेले बोट अशा वस्तू आणत राहतो. मग गाणे लावून योंडूचा बाण जहाजावरच्या बंडखोरांची कत्तल करतो आणि आपण शिट्ट्या वाजवायच्या! चमूतल्या ड्रॅक्सचे तर वाटोळेच केले आहे. पहिल्या भागात बायको आणि मुलगी गमावलेला, सूडाने पेटलेला माणूस दुसऱ्या भागात गडगडाटी हसणारा विदूषक होतो आणि स्पर्शाने दुसऱ्याच्या भावना जाणणाऱ्या मँटिसला कुरूप म्हणत बसतो.

आकडेमोड
पहिल्या भागाने जगभरात सुमारे ७७ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने ८६ कोटींच्या वर. लोकांनी कौल दिला, विषय संपला.

तिखटमीठ
गर्दीवरून गुणवत्ता ठरत असेल तर समीक्षेचे काम लोकलच्या तिकीट खिडकीवर सोपवावे.

मध्यंतर
आपण सर्वजण चित्रपट पूर्ण पाहिल्याच्या थाटात बोलत आहात, म्हणून विचारतो की अखेरच्या नामावलीत पेरलेले पाचही प्रसंग कोणी पाहिले? मी पाहिला त्या ठिकाणी पहिल्या प्रसंगानंतरच दिवे लागले आणि खराटे घेऊन माणसे आत आली. एक आठवडा आधी ‘बाहुबली २’ लागला होता आणि सोयीच्या वेळेचा एकही खेळ या चित्रपटाच्या वाट्याला आला नव्हता. त्यात वाक्य अर्धवट तोडून मध्यंतर! विनोदाची लय बिघडते ती तिथे, गन यांच्या हातून नव्हे.

दीर्घसूत्री
आपले दुःख खरे आहे, परंतु आपण ते प्रत्येक चित्रपटाच्या चर्चेत मांडता.

कोरडा पाषाण
कत्तलीचा प्रश्न तुम्ही दोघांनीही अर्ध्यावर सोडला. ज्या योंडूच्या अंत्यविधीला सगळे चित्रपटगृह रडले, त्यानेच पैसे घेऊन इगोकडे त्याची इतर मुले पोहोचवली होती. त्या मुलांच्या हाडांचा ढीग ग्रहाच्या पोटात दिसतो. म्होरक्या स्टाकारने त्याला रॅव्हेजर या लुटारूंच्या टोळीतून हाकलले, ते याच कारणाने. एका मुलासाठी, क्विलसाठी, प्राण दिल्यावर बाकीच्यांचा हिशेब फिटतो काय?

सावलीतले झाड
त्या मुलांचे काय होते, हे कळल्यावरच त्याने क्विलला इगोच्या हवाली केले नाही, हे सोयीस्करपणे विसरलात. माझे वडील मी लहान असतानाच गेले आणि मला थोरल्या काकांनी वाढवले. त्यांनी कधी गोड शब्द काढला नाही. पण माझ्यावर चोरीचा आळ आला तेव्हा सगळ्या वाड्यासमोर ते माझ्या पुढे उभे राहिले आणि पुन्हा त्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. अशी माणसे ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांना योंडू समजणार नाही.

कोरडा पाषाण
आमच्याही घरात असा एक माणूस होता, म्हणूनच योंडू मला पुरेपूर समजतो. ‘माझी माणसे तुला खाणार होती, मी वाचवले’ हे पोराला वर्षानुवर्षे ऐकवायचे, त्याला चोरीला जुंपायचे आणि शेवटी एकदाच जीव ओवाळून टाकून थोर ठरायचे! मधली वीस-पंचवीस वर्षे त्या पोराने काढलेली असतात, प्रेक्षकांनी नव्हे. तुमच्या काकांविषयी आदर आहे, पण त्यांच्या पुण्याईवर एका मुले पळवणाऱ्याला निर्दोष सोडू नका.

सावलीतले झाड
माझ्या काकांना त्या पंक्तीत बसवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

कोरडा पाषाण
पंक्तीत तुम्हीच आणून बसवलेत.

दीर्घसूत्री
दोघांनीही आवरते घ्यावे. चित्रपट योंडूला निर्दोष ठरवत नाही. तो स्वतःच रॉकेटला सांगतो की आपण दोघे सारखेच आहोत, आणि ही काही शाबासकी नव्हे. राहता राहिला ड्रॅक्स. तळ्याकाठी तो मुलीची आठवण काढतो, तेव्हा वरून शांत दिसतो, आणि त्याला स्पर्श करणारी मँटिस मात्र हुंदके देऊन रडते. त्याचे दुःख कुठे गेले असे विचारणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा पाहावा. पहिल्या भागातल्या आरडाओरड्यापेक्षा ते दुःख येथे खोल आहे.

तिखटमीठ
तो प्रसंग सुंदर आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण तुम्ही एक गोष्ट वगळलीत. मुलगी तुझ्यासारखीच होती असे ड्रॅक्स म्हणतो, त्यावर मँटिस विचारते, किळसवाणी? आणि सगळे चित्रपटगृह हसते.

दीर्घसूत्री
आणि तो उत्तर देतो, निष्पाप. त्या हसण्यावाचून ते उत्तर इतके लागले असते काय?

तिखटमीठ
माझ्या शेजारचे गृहस्थ तेव्हा अजून हसतच होते, त्यामुळे उत्तर मला दूरदर्शन संचावर दुसऱ्यांदा पाहताना ऐकू आले. त्या एका प्रसंगापुरते तुमचे म्हणणे ठेवून घ्या. चड्डीचे समर्थन मात्र अद्याप बाकी आहे.