बॉक्साईटच्या खाणीनंतर सड्यावरची मूळ वनस्पती परत आणता येते का?

शाहूवाडीकर:
आमच्या गावालगतच्या सड्याचा, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठाराचा, काही भाग बॉक्साईटसाठी खोदला गेला. काम थांबल्यावर खड्डे दगडमातीने बुजवून त्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्यात आली. ती हिरवीगार दिसते, पण तिच्याखाली गवताची काडीही उगवत नाही. उरलेल्या उघड्या जागेवर शेणखत घालून जांभूळ, हिरडा आणि अंजन लावावे, असा ठराव येत्या ग्रामसभेत येणार आहे. देशी झाडे लावल्याने गेंद, तेरडा, सीतेची आसवे या पावसाळी फुलांचा सडा परत येईल का?

घाटमाथा:
झाडे देशी असली तरी उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल, कारण सडा हे उजाड झालेले जंगल नसून मुळातच गवताची आणि पावसाळी फुलांची जागा आहे. जांभ्याच्या कवचातून पाणी सहजासहजी मुरत नाही. ते उथळ खळग्यांत साचते आणि बोटभर मातीत उगवून, फुलून, आश्विनापर्यंत बी टाकून मोकळी होणारी रोपे त्याच ओलीवर जगतात. बॉक्साईट बहुधा या कवचाखाली असते, म्हणून खाणीत आधी कवचच फुटते आणि नंतरच्या भरावातून पाणी सरळ खाली निघून जाते. तिथे हुबेहूब जुना सडा होईल अशी आशा मी दाखवणार नाही. देशी गवताचा माळ मात्र साधता येईल. कडेच्या उतारावर, जिथे पूर्वीपासून झाडी होती, तिथे जांभूळ आणि अंजन जरूर लावा. शेणखत मात्र सड्यावर नकोच. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडतात ते जमिनीत नत्र अगदी कमी असते म्हणूनच, आणि अशा जागी खत पडले की रानमोडी या तणाचे फावते.

गवतकाडी:
खाणीचा काही भाग अजून चालू असेल, तर वरची माती वेगळी काढून लगेच बुजवलेल्या भागावर पसरावी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा वृक्षांच्या जंगलात बॉक्साईट काढल्यानंतर हीच पद्धत वापरतात. वर्षानुवर्षे ढीग करून ठेवलेल्या मातीतले बरेचसे बी आणि मुळांना उपयोगी बुरशी मरून जाते. मग ती नुसती भर उरते.

माती हाताशी नसेल, तर शेजारच्या शाबूत सड्यावरचे गवत बी पिकल्यावर, पण गळण्यापूर्वी, म्हणजे साधारण कार्तिकात कापावे. आल्प्समध्ये वृक्षरेषेजवळची उखडलेली कुरणे सावरतानाही बियांसकट कापलेले गवत अंथरतात, कारण तिथेही माती पातळ आणि वाढीचा हंगाम तोकडा असतो. आपल्याकडे ते उन्हाळाभर उघड्यावर टाकले तर वारा आणि वणवा यांतून वाचणार नाही, म्हणून कोरडे साठवून मृगाच्या तोंडावर पातळ पसरणे बरे. तेरड्यासारख्यांचे बी त्याआधीच तडकून पडते. ते वेगळे वेचावे लागते. एकाच पट्ट्यावर दरवर्षी कोयता चालवू नका आणि वनखात्याची जमीन असल्यास आधी परवानगी घ्या.

उसाचे पाचट फुकट मिळते म्हणून त्याचा जाड थर देण्याचा मोह आपल्या जिल्ह्यात हमखास होतो. त्याखाली बारीक बियांना उजेड मिळत नाही, शिवाय शेतातले गाजरगवत सड्यावर चढते. माती धरून ठेवण्यासाठी उताराला आडव्या दगडांच्या रांगा पुरेशा आहेत. दगड तर तिथेच पडलेला असतो.

सातबारा:
सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या निर्देशानुसार, खाणकामाने बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत आणून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य करण्याची अट खाणपट्ट्यात घालायची आहे. ग्रामसभेत झाडांच्या ठरावाआधी हे वाचून दाखवा आणि खाण बंद करण्याच्या मंजूर आराखड्याची प्रत मागा. त्यात कोणती झाडे लिहिली आहेत ते पाहिल्यावर बराच उलगडा होईल.

शाहूवाडीकर:
आभारी आहे. गुरांचे काय करावे? आणि लावलेल्या बाभळीचे?

गवतकाडी:
गवत मूळ धरेपर्यंत चराईबंदी करावी लागेल. मात्र बी गळून गेल्यावर चारा कापून नेऊ द्यावा, नाहीतर गावाची साथ टिकणार नाही. बाभूळ एकदम तोडली तर उतार धुपेल, म्हणून ती पट्ट्यापट्ट्याने काढा. तिचे बी मातीत पुष्कळ काळ टिकते, तेव्हा दर पावसाळ्यात कोवळी रोपे हाताने उपटण्याचे काम पुढची काही वर्षे धरून चाला.