विषय: १८ एप्रिलच्या पहाटे लॉटाच्या कारंज्यापाशी

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

सॅन फ्रान्सिस्कोत १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. दरवर्षी त्याच वेळी, मार्केट, गिअरी आणि कर्नी हे रस्ते मिळतात तेथील लॉटाच्या कारंज्यापाशी लोक स्तब्ध उभे राहतात, पुष्पचक्र वाहिले जाते आणि भोंगे वाजतात. भूकंपाच्या वेळी ताटातूट झालेली माणसे याच ठिकाणी एकमेकांना शोधत येत असत. यंदा मंडळातर्फे एकत्र जावे, अशी सूचना आली आहे. बार्ट या लोकल रेल्वेने वेळेवर पोहोचता येणार नाही, म्हणून गाड्यांची सोय करावी लागेल. येणाऱ्यांनी कृपया कळवावे.
– सचिव

सचिवताई, नमस्कार.

मी अवश्य येईन. मात्र कारंज्यापासून तडक परत न फिरता आपण डोलोरेस पार्कच्या वरच्या अंगाला, २०वा रस्ता आणि चर्च रस्ता यांच्या कोपऱ्यावर जावे, अशी विनंती आहे. भूकंपात जलवाहिन्या फुटल्यामुळे आगीपुढे बंब हतबल झाले, ती आग तीन दिवस धुमसली आणि २८,००० हून अधिक इमारती गेल्या. परंतु या कोपऱ्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबांसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, पाणी होते. चढावर घोडे थकले तेव्हा लोकांनीच बंब ढकलत वर नेला आणि मिशन भागातली पुढची घरे वाचली, असे सांगतात. दर १८ एप्रिलला त्या हायड्रंटला सोनेरी रंग देतात, आणि रंगाचा डबा जमलेल्यांच्या हातोहात फिरतो. तो दिवस पाहिलेले शेवटचे ज्ञात रहिवासी २०१६ मध्ये वारले, तरीही हे चालू आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.
– ओकलंडचा एक सभासद

काका, सादर नमस्कार.

मी लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन आटोपून झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली सापडली. त्यामुळे मृतांच्या आकड्याबद्दल मला विशेष आस्था आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोने मृतांची संख्या पाचशेच्या आतच सांगितली, आणि चायनाटाउनमधील रहिवाशांची तर त्यात धड नोंदही नव्हती. नगर ग्रंथालयातील ग्लॅडिस हॅन्सन यांनी अनेक वर्षे एकेक नाव शोधत ती ३,००० च्या वर नेली. आपल्या पत्रकात जुना आकडा छापला जाऊ नये, एवढे सचिवताईंनी कृपया पाहावे. ज्यांची गणतीच झाली नाही, त्यांच्यासाठीही आपण त्या पहाटे उभे राहणार आहोत.

माझ्या गाडीत चार जागा आहेत. मी फ्रीमाँटहून साडेतीनला निघेन.
– फ्रीमाँटची एक सभासद