चेनचा शोध नेमका कोणाचा मानावा?

प्रश्न: पिशव्यांना आणि कपड्यांना लावल्या जाणाऱ्या चेनचे जनक म्हणून शिकागोचे व्हिटकॉम जडसन यांचे नाव घेतले जाते. परंतु १८९३ साली पेटंट मिळालेले त्यांचे साधन बुटांसाठी होते आणि त्यात दातांऐवजी आकडे (हुक) होते. मग हे श्रेय त्यांना का द्यावे?

प्रतिसाद १: माझ्या मते मोठा वाटा स्वीडनमध्ये जन्मलेले अभियंते गिडियन सुंडबॅक यांचा आहे. जडसन यांचे आकडे वापरताना सहज निसटत असत. सुंडबॅक यांनी १९१३ च्या सुमारास आकडे काढून टाकले आणि प्रत्येक दाताला एका बाजूला उंचवटा व दुसऱ्या बाजूला खळगा दिला, ज्यामुळे समोरासमोरचे दात एकमेकांत घट्ट बसू लागले. असे दात वेगाने तयार करणारे यंत्रही त्यांनीच घडवले आणि ते नसते तर ही वस्तू महागच राहिली असती. त्यांना पेटंट १९१७ साली मिळाले.

प्रतिसाद २: यात एलियस होव यांचेही नाव यावे. शिवणयंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या होव यांनी १८५१ सालीच अशा बंदाचे पेटंट घेतले होते, मात्र त्याचा पाठपुरावा केला नाही.

प्रतिसाद ३: एक व्यावहारिक भर घालतो. चेन बंद केल्यावरही मागून उघडत असेल, तर दोष बहुधा दातांचा नसून रनरचा, म्हणजे चेनवर पुढेमागे सरकणाऱ्या भागाचा असतो, कारण घासून त्याची फट रुंदावते आणि दातांवर पुरेसा दाब पडत नाही. पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्यास चेन पुष्कळदा पूर्ववत चालते. शिंपीसुद्धा आधी हेच करून पाहतात.