ब्लूजमध्ये बासनं चालायचं की एका जागी घुमायचं?

क्लॅरिनेट, आर्वी
आम्ही चौघं दर रविवारी जिनिंगच्या रिकाम्या गोदामात जॅझ वाजवायला बसतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बास गिटार आणि माझं क्लॅरिनेट. मी वीस वर्षं लग्नाच्या बँडात वाजवलं, जॅझकडे वळून तीनच वर्षं झाली.

मागच्या रविवारी एफमधला बारा बारचा ब्लूज घेतला. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार झाले की एक आवर्तन. आमच्या बासवाल्यानं सुरुवातीलाच दोन बारचा एक ग्रूव्ह, म्हणजे फिरून फिरून येणारी एकच आकृती, धरला आणि शेवटपर्यंत तोच नेला. दमदार होता, गोदामाचे पत्रे थरथरले. पण सोलो घेताना मला पाय टेकायला जागा सापडेना. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, एफवरून बी-फ्लॅटवर गेली हे मला कीबोर्डवाल्याच्या हाताकडे पाहून कळत होतं.

माझं म्हणणं असं की ब्लूजमध्ये बासनं चालायलाच पाहिजे. दर मात्रेला एक सूर, एका आवर्तनात 48 पावलं. एफ म्हणजे पांढरी चार, तिचा सा धरा. चौथ्या बारला सा, ग, प आणि शेवटच्या मात्रेला तीव्र म. पाचव्या बारच्या समेवर शुद्ध म. तो तीव्र म ना एफ-सेव्हनचा, ना बी-फ्लॅटचा. पण तो वाजला की कान पुढच्या कॉर्डच्या दारात जाऊन उभा राहतो. डवरणीची बैलजोडी धुऱ्याजवळ, शेताच्या कडेला आली की शेवटच्या पावलांतच तिचं वळणं सुरू होतं, तसं. ग्रूव्हमध्ये हे वळण मला ऐकूच येत नाही.

खंजेरीवाला, तिवसा
मले हे पटत नाही, भाऊ. मोझरीच्या तुकडोजी महाराजाईनं खंजेरीवर गावंच्या गावं जागवली. खंजेरी कुठं चालत जाते? एकच ठेका धरून बसते, म्हणून तं भजन वर चढते.

अन् तबल्याचा सोलो आठवा. पेटीवाला लेहरा धरते, तीनतालाच्या 16 मात्रा, तेच सूर, अर्धा-पाऊण तास. त्याले कोनी म्हणते का, बाप्पा, तू पुढं काहून नाही चालत? लेहरा हलला का तबलजी पडला. तुमचा बासवाला लेहराच धरून बसला होता. तुमाले त्याच्यावर उभं राहता आलं पायजे.

क्लॅरिनेट, आर्वी
दादा, लेहऱ्याखाली कॉर्ड बदलत नाही. सा एकच, सम एकच. ब्लूजमध्ये बारा बारांत तीन घरं बदलतात आणि सोलोवाल्याला प्रत्येक घराचा दरवाजा कळावा लागतो. भजनाचा दाखला मला मनापासून आवडला, पण तो इथं लागू होत नाही.

बास, पुलगाव
तो बासवाला मीच. एकेक मुद्दा घेतो.

ब्लूजमध्ये चालायलाच पाहिजे हा नियम कुठून आला? माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' या एकाच रेकॉर्डवर बारा बारचे दोन ब्लूज आहेत आणि दोन्हींत बास पॉल चेंबर्सचा आहे. 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये तो चालतो. 'ऑल ब्लूज'मध्ये सहा मात्रांची एक आकृती फिरवत राहतो आणि तिच्यावर माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन सगळे सोलो घेतात. त्यांना पाय टेकायला जागा मिळाली.

दुसरं, आपल्याकडे ड्रमसेट नाही. चालत्या बासला राइड सिम्बलची, म्हणजे ड्रमसेटवर ताल धरणाऱ्या मोठ्या झांजेची, सोबत लागते. सिम्बलचा झंकार दोन मात्रांमधली जागा भरतो, म्हणून बासचं साधं पाऊलही झुलतं. ऑक्टोपॅडच्या रबरावर काडी पडली की आवाज तिथंच मरतो. मी पहिले दोन रविवार चालूनच पाहिलं होतं. रेकॉर्डिंग ऐकलं तर चुन्याची फक्की टाकल्यासारखी सरळ रेघ, त्यात झोकाच नाही. मग झोका मीच द्यायचा ठरवला.

नवीन, हिंगणघाट
मी चार महिन्यांपासून बास गिटार शिकतोय. आधी काय घेऊ, वॉकिंग की ग्रूव्ह?

क्लॅरिनेट, आर्वी
वॉकिंग. प्रत्येक कॉर्डचे सा, ग, प, कोमल नी बोटांखाली येतील. ग्रूव्ह पाठ करणारी पोरं वर्षभरानंतरही कॉर्ड ऐकत नाहीत, फ्रेटचे नंबर आठवतात.

बास, पुलगाव
ग्रूव्ह. चालताना प्रत्येक मात्रा भरलेली असते, त्यामुळे सूर कुठं सोडला हे झाकून जातं. ग्रूव्हमध्ये शांतता उघडी पडते. डावा हात पाव मात्रा उशिरा उचलला तरी सगळ्यांना कळतं. दोन बार घे, मेट्रोनोम 70 वर लाव आणि वीस मिनिटं काहीही बदलू नको. बोटं नंतर चालतील, आधी त्यांना थांबता येऊ दे.

खंजेरीवाला, तिवसा
थांबता आलं पायजे, हे लाखातलं बोलला. खंजेरीतही थापेपेक्षा थाप दाबनं अवघड हाये.

क्लॅरिनेट, आर्वी
सिम्बलची अडचण मी मानतो, पण ती पुरेशी नाही. काउंट बेसीच्या बँडात 1930 च्या दशकात वॉल्टर पेज बास चालवायचा आणि ड्रमर जो जोन्सनं ताल पायातल्या मोठ्या ड्रमवरून हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, आणला होता. राइडवाचूनही ती जोडी झुलायची. ऑक्टोपॅडवर हाय-हॅटचा आवाज आहे. दुसऱ्या-चौथ्या मात्रेला तेवढा दिला तरी तुझी रेघ हलेल.

'ऑल ब्लूज' काल रात्री पुन्हा ऐकलं, तीनदा. तुझं खरं आहे, तिथं आकृतीच सगळं धरून ठेवते. पण नवव्या-दहाव्या बारला कॉर्ड डी आणि ई-फ्लॅटकडे जाते तेव्हा चेंबर्सही जागा सोडतो. आपल्या ब्लूजमध्ये नवव्या बारला सी-सेव्हन कॉर्ड येते, तू रविवारी तिच्यावरही एफचाच ग्रूव्ह ठेवलास. माझा सोलो मोडला तो नेमका तिथं.

बास, पुलगाव
नवव्या बारचं कबूल. रेकॉर्डिंग लावलं, सी-सेव्हनखाली माझा एफ खरंच टोचतो. येत्या रविवारी आठ बार ग्रूव्ह ठेवतो, नवव्यापासून चार बार चालतो आणि बाराव्याच्या शेवटच्या मात्रेला परत आकृतीवर येतो. पूर्ण ब्लूज मात्र चालणार नाही, हाय-हॅट लावला तरी. कीबोर्डवाल्याला डावा हात खाली आणू नको म्हणून सांग, तो माझ्याच सुरांवर बसतो.